हे जादा तेरा घोडे कोणासाठी?

दिवाळी अंकात मोटारसायकलीवर लेख? कथा, कविता, भविष्य आणि पाककृती यांच्या पंगतीत ही धूर सोडणारी पाहुणी कशाला, असे विचारून काही वाचक नाक मुरडतील. त्यांना माझे उत्तर एवढेच की, भंडारा जिल्ह्यातल्या घराघरांत दिवाळीच्या तोंडावर जो वाद खरोखर चालतो, तो कवितेवरून चालत नाही, गाडीवरून चालतो. धनत्रयोदशीला गाडी घरी आली पाहिजे, पाडव्याला तिला झेंडूची माळ चढली पाहिजे, आणि भाऊबीजेनंतर गावोगावच्या मंडया सुरू झाल्या की तिच्यावर बसून मंडईत मिरवले पाहिजे! पूर्वी वाद असे तो गाडी घ्यावी की न घ्यावी, याचा. आता तोही राहिला नाही. गाडी दारात उभी आहे. चांगली आहे, धडधाकट आहे, कदाचित तिचे हप्तेही अजून पुरते फिटलेले नाहीत. ती देऊन तिच्याहून जोरकस गाडी आणायची आहे. ‘जुनी द्या, नवी न्या’ अशा पाट्या दुकानांवर झळकतात आणि चिरंजीव तीर्थरूपांच्या मागे लागतात.

या देवघेवीविरुद्ध मला बोलायचे आहे. तरुणांविरुद्ध नाही, वेगाविरुद्ध नाही आणि मोटारसायकलीविरुद्ध तर मुळीच नाही. मोटारसायकल हे मोठे गोड वाहन आहे. मोटारीत बसलेला माणूस काचेतून पाऊस पाहतो. मोटारसायकलीवरच्या माणसाला पाऊस भेटतो. कार्तिकातल्या पहाटे वैनगंगेच्या पुलावरून जाताना अंगाला लागणारा गारवा आणि कापलेल्या धानाचा वास ज्याला ठाऊक आहे, त्याला हे वाहन का आवडते ते सांगावे लागत नाही. माझे म्हणणे एवढेच आहे की, लांबच्या प्रवासाची एक चांगली गाडी घरात असताना केवळ जास्त जोरासाठी ती देऊन टाकणे, हा आपल्या जिल्ह्यात आणि आपल्या रस्त्यांवर आतबट्ट्याचा व्यवहार आहे. त्यात पैसा जातो. कधी कधी पैशाहून मोठेही काही जाते.

गोष्ट हवेत राहू नये म्हणून नाव घेऊनच बोलतो. ज्या गाडीत शर्यतीच्या गाडीची चपळाई आणि लांब पल्ल्याची बैठक अशा दोन्ही गोष्टी असतात, तिला ‘स्पोर्ट टूरर’ म्हणतात. आपल्याकडे २००३ साली आलेल्या हिरो होंडाच्या करिझ्माने तरुणांना ही चव लावली. पुढे बजाज कंपनीने डिसेंबर २०१६ मध्ये डोमिनार ४०० काढली आणि मार्च २०२० मध्ये तिची धाकटी बहीण डोमिनार २५०. धाकटीची ताकद २७ अश्वशक्ती. थोरलीची ताकद २०१९ च्या सुधारणेनंतर ४० अश्वशक्ती झाली. दोघीही आपल्या चाकणच्या लेकी. दोघींत वाईट कोणीच नाही. धाकटी द्यायची आणि थोरली आणायची, हा आजच्या चर्चेचा विषय. चाळीसातून सत्तावीस वजा करा. उरले तेरा. हा सगळा वाद या तेरा घोड्यांचा आहे.

आता हे घोडे धावणार कुठे, ते पाहू.

अठराव्या शतकात जेम्स वॅटने आपले वाफेचे यंत्र विकताना गिऱ्हाइकाला समजावे म्हणून घोड्यांचा हिशेब काढला. गिऱ्हाइकाला घोडा ठाऊक होता; इतके घोडे तुमच्या पागेतून कमी होतील, असे सांगितले की तो समजत असे. वॅटचा घोडा कामाचा होता. आमचा घोडा कोणते काम करतो? केंद्र सरकारने २०१८ साली ठरवलेल्या कमाल वेगमर्यादेप्रमाणे दुभाजक असलेल्या चौपदरी रस्त्यावर मोटारसायकलीला ८० आणि शहरात व इतर रस्त्यांवर ६० किलोमीटरची मुभा आहे. समृद्धी महामार्गावर तर दुचाकीला प्रवेशच नाही. आणि ८० चा वेग राखायला किती घोडे लागतात? ज्या शंभर सी.सी.च्या गाडीवर आपले ग्रामसेवक, दूधवाले आणि शाळामास्तर अवघे आयुष्य काढतात, तिच्यात साधारण आठ घोडे असतात. आणि ती ८० ने जाते. मागे माणूस बसवा, दोन बाजूंना पिशव्या लटकवा, समोरून वारा घ्या. तरी दहा-बारा घोड्यांत भागते. म्हणजे घरातल्या ‘कमजोर’ गाडीतले निम्म्याहून अधिक घोडे आजच ठाणावर बसून दाणा खात आहेत. त्यांच्या सोबतीला आणखी तेरा आणून बांधायचे आहेत!

“पण वेळ वाचतो ना!” असे कोणी म्हणेल. भंडाऱ्याहून नागपूर साठेक किलोमीटर. सगळा रस्ता मोकळा आहे, एकही ट्रक नाही, एकही फाटक नाही, असे क्षणभर धरू. ८० च्या वेगाने पाऊण तास लागेल. कायदा मोडून १०० ने गेलात तर छत्तीस मिनिटे. वाचली नऊ मिनिटे. नागपुरात पोचल्यावर पानठेल्यावर याहून जास्त वेळ जातो.

या नऊ मिनिटांची किंमत ऐका. कोरड्या, चांगल्या डांबरावर, समोर काही दिसल्यापासून ब्रेक दाबेपर्यंत एक सेकंद गेला असे धरले, तर ८० च्या वेगाची गाडी सुमारे ५८ मीटरवर थांबते. १०० च्या वेगाची गाडी ८४ मीटरवर. नुसते सव्वीस मीटर जास्त, असे वाटेल. पण जिथे पहिला स्वार सुखरूप उभा राहिला, नेमक्या त्या जागी दुसऱ्याची गाडी अजून ६५ हून अधिक वेगाने पुढे चाललेली असते. त्या जागी जर म्हैस उभी असेल, तर पहिला तिला शिवी देईल आणि दुसरा तिच्यावर आदळेल. वेग सव्वापट झाला की आघाताची शक्ती दीडपटीच्या वर जाते. हे गणित दहावीच्या पुस्तकातलेच आहे. परीक्षेपुरते पाठ केले आणि उत्तरपत्रिकेबरोबर देऊन टाकले.

आणि म्हैस हे मी उदाहरणादाखल म्हटले नाही. आपल्या जिल्ह्यातला रस्ता हा फक्त रस्ता नसतो. हलक्या धानाची कापणी होते तो हाच हंगाम. पवनीकडे जा, लाखांदूरकडे जा, मोहाडी-तुमसरकडे जा. डांबराची अर्धी पट्टी धान वाळवण्याच्या कामी लागलेली दिसेल, आणि धान उडू नये म्हणून कडेला दगड मांडलेले दिसतील. मागचा दिवा नसलेली ट्रॅक्टरची ट्रॉली असते. वाळूचे टिप्पर असतात. संध्याकाळी गाईगुरे परततात. कोका आणि नागझिऱ्याच्या बाजूला रानडुक्कर केव्हा आडवे येईल, याचा नेम नाही. आणि दिवाळीनंतर तर मंडयांचा काळ! या गावात दंडार, त्या गावात खडी गंमत, तिसऱ्या गावात रात्रभर झाडीपट्टीचे नाटक. लेकीबाळी माहेरी आलेल्या, पाहुण्यांनी घरे भरलेली, आणि मध्यरात्री दोनला एकेका गाडीवर तिघे-तिघे बसून पोरे गावाकडे परततात. अशा रस्त्याचा वेग गाडीचे इंजिन ठरवीत नाही. तो ठरवते रस्त्यावरची सर्वांत हळू चालणारी वस्तू: एखादी बंडी, एखादी म्हातारी, एखादे वासरू. तिच्यापुढे सत्तावीस घोडेही थांबतात आणि चाळीसही थांबतात. फरक इतकाच की, चाळीसांना थांबायला जागा पुरली पाहिजे.

सरकारी अहवाल सांगतो की, २०२२ या एका वर्षात आपल्या देशात रस्त्यावर १,६८,४९१ माणसे मेली. त्यांपैकी शंभरातली जवळजवळ पंचेचाळीस दुचाकीवरची होती. एकूण मृत्यूंपैकी सुमारे ७१ टक्के अतिवेगाच्या खात्यावर मांडलेले आहेत. हेल्मेट नव्हते म्हणून गेले, असे ५० हजारांवर. आकडे वाचताना मन बधिर होते हे मी जाणतो. म्हणून एवढेच सांगतो: तुमच्या गावात असे एखादे घर आहेच. त्या घरात या दिवाळीला आकाशकंदील लागला आहे का, ते जाऊन बघा.

आता प्रतिपक्षाची बाजू घेऊ. कारण ती अगदीच पोकळ नाही.

पहिला मुद्दा: जोर असला की ट्रकला झटकन मागे टाकता येते, म्हणून जोर म्हणजे सुरक्षितता. ऐकायला हे ठीक वाटते. पण ट्रकला मागे टाकायला आधी पुढचा रस्ता दिसावा लागतो, आणि तो दाखवण्याची शक्ती कोणत्याही इंजिनात नसते. अनुभव असा की, जोर हाताशी आला म्हणजे स्वार पूर्वीच्याच मोकळ्या जागेत अधिक निवांतपणे पुढे जात नाही. पूर्वी ज्या फटीत तो शिरला नसता त्या फटीत शिरतो. वाचलेली सुरक्षितता तो तिथल्या तिथे खर्चून टाकतो.

दुसरा मुद्दा: जोर असला म्हणजे वापरलाच पाहिजे असे थोडेच आहे? लगाम माझ्या हातात आहे! वा, उत्तम. मग वापरायचा नाही तो जोर विकत कशाला घेता? आणि बाविसाव्या वर्षी, मागे मित्र बसलेला असताना, बाजूने दुसरी गाडी गुरगुरत आली असता, मनगटाच्या एका वळणावर उभे असलेले तेरा घोडे तसेच उभे ठेवणारा तरुण मला दाखवा. त्याला मी गाडी नव्हे, जिल्ह्याचा कारभार देईन.

तिसरा मुद्दा मी मान्य करतो. मोठे इंजिन ८० च्या वेगाला कमी धापा टाकते. दोघे जण सामान घेऊन लेह-लडाखला किंवा कन्याकुमारीला निघाले, दिवसाला चारपाचशे किलोमीटर कापू लागले, तर मोठ्या गाडीवर अंग कमी आंबते. जो खरोखर असे प्रवास करतो, स्वतःच्या कमाईने करतो आणि दहा वर्षे लहान गाडी नीट चालवून मग मोठीकडे वळतो, त्याच्याशी माझे भांडण नाही. त्याने खुशाल घ्यावी. पण छातीवर हात ठेवून सांगा, ‘जुनी द्या, नवी न्या’ म्हणणाऱ्या दुकानाबाहेर जी गर्दी असते तिच्यातले असे किती? ज्यांची जुनी गाडी अजून आंभोऱ्याच्या पलीकडे गेलेली नाही, त्यांना लेहचा थकवा आधीच कसा येतो?

चौथा मुद्दा: हौसेला मोल नाही. असते! बरोबर मोजण्याइतके असते. जुन्या गाडीची किंमत वजा जाता वरून दीड लाख रुपये द्यावे लागले असे धरू. २०२५-२६ च्या हंगामासाठी साध्या धानाचा हमीभाव क्विंटलला २,३६९ रुपये ठरला. म्हणजे दीड लाख हे त्रेसष्ट क्विंटल धान. एकरी पंधरा-सोळा क्विंटल धरा: चार एकरांचे सबंध पीक, तेही बी, खत, मजुरी काही न वजा करता. रोवणीच्या दिवसांत गुडघाभर चिखलात वाकलेल्या किती पाठींवर हे तेरा घोडे उभे आहेत, ते ज्याचे त्याने मोजावे. शिवाय खाते इथेच संपत नाही. २०२२ च्या विमा दरपत्रकात तृतीय पक्षाचा वार्षिक हप्ता ३५० सी.सी.पर्यंतच्या गाडीला १,३६६ रुपये होता आणि त्यावरील गाडीला २,८०४. म्हणजे दुपटीहून अधिक. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सी.सी.पर्यंतच्या गाडीवरचा कर १८ टक्क्यांवर उतरला आणि त्यापुढच्या गाडीचा ४० टक्क्यांवर चढला. थोरल्या डोमिनारच्या जाहिरातींनी २०१७ साली प्रतिस्पर्ध्यांच्या जड गाड्यांना हत्ती ठरवून, हत्ती पाळू नका, असा टोला हाणला होता. सल्ला शहाणपणाचाच होता. फक्त एवढे लक्षात असावे की, घोड्यांनाही दाणावैरण लागते.

गंमत अशी की, हा विवेक आपल्या झाडीपट्टीला नवा नाही. इथल्या माणसाला शंकरपट शिकवावा लागत नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१४ च्या निकालाने पट बंद पडले, २०२१ च्या अखेरीस पुन्हा सुरू झाले, आणि आज हिवाळा आला की माणसे कामधाम टाकून पटाला लोटतात. पटाची जोडी म्हणजे काय? थोड्या क्षणांचा जीवघेणा वेग! मालक तिला पोटच्या पोरासारखी खाऊ घालतो, पण तीच जोडी बंडीला जुंपून लेकीला सासरी पोचवायला कोणी निघत नाही. पटाचा बैल पटाला, कामाचा बैल कामाला. पटाला मोकळी धावपट्टी असते, दोन्ही बाजूंना सावध माणसे असतात, आणि शेवटी थांबायला रान असते. आजा-पणजाला जे बैलांच्या बाबतीत कळत होते, ते नातवाला घोड्यांच्या बाबतीत कळू नये? ज्याला शर्यतच करायची आहे त्याने शर्यतीच्या मैदानात जावे. लाखनीच्या बाजारातून जाणारा रस्ता हा पट नव्हे.

जरा बाहेरच्या जगाकडेही पाहू. अरबस्तानचा लॉरेन्स म्हणून गाजलेला इंग्रज सेनानी मोटारसायकलींचा वेडा होता. त्या काळची सर्वांत दिमाखदार गाडी ब्रफ सुपीरिअर. ती त्याने एकामागून एक सात बदलल्या. आठवी त्याच्यासाठी तयार होत होती. १३ मे १९३५ रोजी घराजवळच्या ओळखीच्या रस्त्यावर एका खोलगटापलीकडे सायकलवरची दोन मुले त्याला अचानक दिसली. त्यांना चुकवताना तो पडला आणि १९ मे रोजी वारला. वय ४६. त्याने सात गाड्या बदलल्या, पण रस्ता बदलला नाही, खोलगट बदलला नाही, आणि सायकलवरून जाणारी मुले तर जगातल्या प्रत्येक रस्त्यावर असणारच. त्याच्यावर उपचार करणाऱ्यांत ह्यू केर्न्स नावाचा मेंदूचा शल्यविशारद होता. त्या मृत्यूने अस्वस्थ होऊन त्याने पुढे डोक्याच्या दुखापतींचा अभ्यास केला, आणि त्यातून हेल्मेटची उपयुक्तता जगाला पटली. आठव्या गाडीपेक्षा या एका टोपीने अधिक माणसे घरी पोचवली.

दुसरे उदाहरण चे गव्हेराचे. १९५२ साली तो आणि त्याचा मित्र दक्षिण अमेरिका पाहायला निघाले ते पाचशे सी.सी.च्या जुन्या नॉर्टनवर. तिचे नाव काय ठेवले होते? ‘ला पोदेरोसा’, म्हणजे बलशालिनी! ही बलशालिनी चिलीतच मोडून पडली. प्रवास थांबला नाही. मिळेल त्या वाहनाने पुढचा खंड त्यांनी पाहिला, आणि त्यांना जे दिसले ते गाडी मोडल्यावरच जास्त दिसले. आणखी जवळचे हवे असेल तर मुंबईचे पारशी तरुण घ्या. १९२३ साली ते सायकलींवर जग हिंडायला निघाले आणि त्यांपैकी तिघे १९२८ साली पृथ्वीप्रदक्षिणा पुरी करून परतले. अश्वशक्ती शून्य! प्रवासाला लागतो तो जोर गाडीत नसतो, हे यापेक्षा अधिक स्पष्ट कोण सांगणार?

सरकारलाही दोन शब्द सुनावले पाहिजेत. आपल्याकडे गिअरच्या मोटारसायकलीचा परवाना एकच. अठरा वर्षांच्या पोराने बापाच्या शंभर सी.सी.च्या गाडीवर मैदानात आठचा आकडा काढून दाखवला की, त्याच कागदावर तो उद्या हजार सी.सी.ची गाडी चालवायला मोकळा! युरोपीय संघात २०१३ पासून या परवान्याच्या पायऱ्या आहेत: आधी १२५ सी.सी. आणि ११ किलोवॉट, मग ३५ किलोवॉटपर्यंत, आणि त्यानंतर वय व अनुभव पाहून हवी ती गाडी. जपानमध्ये ४०० सी.सी.वरच्या गाडीला निराळा परवाना लागतो. कर आणि विमा आकारताना आपल्या राज्यकर्त्यांना ३५० सी.सी.ची रेघ अचूक दिसते. परवाना देताना ती दिसत नाही. तिजोरीसाठी आखलेली रेघ पोरांच्या जिवासाठी आखायला कोणता मुहूर्त हवा आहे?

पण सरकारची वाट पाहत बसण्याचे कारण नाही. घराचा कायदा घरात होतो. वडिलांनो, ‘शेजारच्याच्या पोराकडे आहे’ या कारणासाठी धानाचा चुकारा मोडू नका. सासऱ्यांनो, जावयाच्या मागणीत गाडीचे नाव आले तर ती मागणी आहे, मान नव्हे, हे ओळखा. आयांनो, पोराला ‘हळू जा’ एवढेच सांगू नका; त्याच्या हातात हेल्मेट द्या, आणि मागे बसणाऱ्याचेही द्या.

आणि तरुण मित्रा, तुला नकारच द्यायचा असता तर मी एवढे लिहिले नसते. त्या दीड लाखातला दहावा हिस्सा काढ. तुझ्या आहे त्या गाडीला नवे, चांगल्या प्रतीचे टायर घाल. ब्रेकचे पॅड बदल. साखळी आणि दिवे नीट करून घे. भारतीय मानकाची खूण असलेली दोन हेल्मेटे घे, एक जाड अंगरखा घे, हातमोजे घे. उरलेल्या पैशांत पेट्रोल भर आणि नीघ. पवनीला जा, १९६९-७० च्या उत्खननात जिथे प्राचीन स्तूप सापडला, ती टेकडी पाहा. आंबागडचा गोंडकालीन किल्ला चढ. चांदपूरच्या तलावाकाठी बस. पुलावरून आंभोऱ्याचा संगम पाहा. मग मेळघाट आहे, अजिंठा आहे, कोकण आहे. दिवसाउजेडी चाल, रात्री मुक्काम कर. तुझे सत्तावीस घोडे यातल्या कुठेही कमी पडणार नाहीत. हे सगळे पाहून झाले, गाडीने लाखभर किलोमीटर पुरे केले आणि तरीही तुला तेरा घोडे कमीच वाटले, तर माझ्याकडे ये. मी तुझ्या वडिलांशी बोलेन.

तोवर गाडी नको, टायर बदला. आणि मंडईहून रात्री निघालात तर ५० च्या वर जाऊ नका. घरी कोणीतरी फाटकाच्या आवाजाकडे कान लावून जागे असते. तुम्ही किती वेगाने आलात, हे तिथे कोणी विचारीत नाही. आलात, एवढेच पाहिले जाते.